मदत हवी आहे : टाचेची मधुमेही जखम, मांसांकुर फिकेच राहतात

व्यवस्थित उपचार चालू असताना 4 आठवड्यांत अशा जखमेचं क्षेत्रफळ निदान निम्म्यावर यायला हवं. इथे तसं झालेलं नाही. कडा स्वच्छ, संसर्ग नाही, हाडापर्यंत प्रोब (खोली तपासायची बोथट सळई) जात नाही, टाचेवरचा भार पूर्ण काढलेला. तरी तळाशी लालबुंद दाणेदार मांसांकुर, म्हणजे जखम भरताना उगवणारं नवं मांस, नाहीत. फिकट गुलाबी, गुळगुळीत थर आहे आणि खरवडल्यावर रक्त जेमतेम पाझरतं. म्हणजे नव्या केशवाहिन्या फुटतच नाहीयेत.

घोटा-दंड दाब निर्देशांक (घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा) 1.4 च्या वर आला. धमन्यांत कॅल्शियम साचून त्या कडक झाल्या असणार आणि आकडा खोटा वाढला असणार, म्हणून तो बाजूला ठेवला. पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब 55 मिमी पारा, पायाच्या वरच्या बाजूला इलेक्ट्रोड लावून मोजलेला त्वचेतला ऑक्सिजन 42 मिमी पारा. दोन्ही बरे आहेत, पण टाचेला रक्त मुख्यतः मागच्या टिबियल आणि पेरोनियल धमनीतून येतं. ते या मोजमापांत दिसतं का, हीच माझी खरी शंका.

ऑक्सिजन कमी पडला की पेशी व्हीईजीएफ (वाहिन्या वाढवणारा वाढघटक) सोडतात आणि वाहिन्या फुटतात, पण साखर सतत चढी असली की हा प्रतिसादच मंदावतो. शिवाय जुनाट जखमेतली प्रथिनभंजक विकरं वाढघटक तोडून टाकतात.

त्वचेतला ऑक्सिजन मोजायला टाचेजवळ इलेक्ट्रोड कुठे लावता? जाड कातडी आणि सूज यांमुळे आकडा खोटा कमी येतो. आणि अँजिओग्राफी आधी करावी, की जखमेवर बंद पट्टीतून 125 मिमी पाऱ्याचा ऋण दाब (शोषण) लावून वाट पाहावी? पीडीजीएफ (हाही एक वाढघटक) जेल रक्तपुरवठ्याची खात्री होईपर्यंत थांबवलं आहे. रुग्ण स्टेरॉइडवर नाही.