सर्टिफिकेटची वॉर्निंग आली तर सरळ पुढे जायचं?

सेतूवाला: काल एकानं पोस्ट टाकली, सर्टिफिकेटची, म्हणजे साइट खरी हाये हे सांगणाऱ्या डिजिटल दाखल्याची, वॉर्निंग आली तर डोळे झाकून पुढे जा, अपडेट बंद ठेवा, नेट खाते. राजेहो, असं लोकायले सांगू नका. १४ जानेवारी २०२० ले मायक्रोसॉफ्टनं विंडोज टेनची मोठी चूक दुरुस्त केली, ती कळवली होती अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेनं. विंडोज सर्टिफिकेटातली पब्लिक की (सही तपासायचा उघडा आकडा) ओळखीच्या रूटशी, म्हणजे ज्याच्या भरवशावर बाकीचे चालतात त्या मूळ सर्टिफिकेटशी, जुळवे पण ती की ज्या गणिती कर्व्हवर बनली त्याचे आकडे तेच हायेत का, हे नीट पाहेच ना. म्हणजे गट नंबर जुळला, शिवार कोणतं ते पाहिलंच नाही, अन् दुसऱ्या गावच्या वावरावर कर्ज उचललं! खोटं सर्टिफिकेट खरं दिसे, वॉर्निंगच नाही. अपडेट बंद ठेवणारा त्यात फसू शकला असता.

काळीमाती: आमच्याकडे विंडोज सेव्हन हाये, त्यात ही चूक नव्हतीच. रोजचा दीड जीबी, त्यात अपडेट घेऊ का पोरीचा फॉर्म भरू?

सेतूवाला: नव्हती, मान्य. पण सेव्हनचा सपोर्ट त्याच दिवशी संपला. पुढची भोकं कोण बुजवन?

पांदणरस्ता: विंडोज ठेवा बाजूले, सातबाऱ्याचं बोला. १५ रुपये भरून डिजिटल सहीचा काढला, पीडीएफ उघडली तं सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह. बँकेतला बाबू म्हणे खोटा हाये, तलाठ्याचा शिक्का आणा. ऐन पेरणीत बाबाच्या दोन चकरा झाल्या, एक दिवस एसटी गेली तं रात्री पायी आले.

सेतूवाला: प्रश्नचिन्ह म्हणजे खोटा नाही भाऊ. सहीमागंही सर्टिफिकेटच राहते. पीडीएफ रीडर आपल्या सीसीएचं (डिजिटल सह्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाचं) रूट आपोआप धरत नाही, भरवशाच्या म्हणजे ट्रस्टच्या यादीत टाकलं की हिरवी टिक येते.

पांदणरस्ता: म्हणजे तुम्हीच सांगून रायले, ट्रस्ट दाबा! मंग कालच्यानं काय वेगळं सांगितलं?

सेतूवाला: काहीच्या काही बोलू नका! रूट सीसीएच्या साइटवरून आणायचं, समोरच्यानं दिलेल्या फायलीतलं नाही. नाही तं सातबाऱ्यावरचा नंबर महाभूमीच्या साइटवर टाकून पाहा.

वैनगंगा: सीसीएवर तरी डोळे झाकून कायले? जुलै २०१४ मध्ये गुगलच्या नावाची खोटी सर्टिफिकेटं सापडली, ती सीसीएच्या हाताखालच्या आपल्या सरकारी एनआयसीकडूनच निघाली होती, अन् विंडोज सीसीएचं रूट धरत असल्यानं ती तिथं चालली असती.

सेतूवाला: ताई, ते खरं हाये, नाही कसं म्हणू. ती रद्दही केली. पण ती सापडली म्हणूनच रद्द झाली, कोणीतरी पाहत होतं. मी तेच म्हणून रायलो, पाहा.

पांदणरस्ता: बरं, सोमवारी त्या बाबूसमोरच नंबर टाकून दाखवतो. पण बाबाच्या दोन चकरा कोण भरून देते?