लेखनिक दिला, पण रोजच्या तासाचं काय?

अपंग विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक (त्यांची उत्तरं लिहून देणारा) आणि जादा वेळ दिला की कॉलेजची जबाबदारी संपली, असं काही जण म्हणतात. मला नाही पटलं. खरी अडचण रोजच्या तासाला येते. फळ्याकडे तोंड करून 'हे इकडे घेतलं, ते तिकडे गेलं' म्हणत गणित सोडवलं, तर न दिसणाऱ्या मुलीला काय कळणार? आणि ओठ वाचणाऱ्या मुलाला तर सरांची पाठच दिसते. लिहिताय ते मोठ्याने वाचा, समजावताना वर्गाकडे वळा. खर्च शून्य.

नोट्सची तीच गत. पुस्तकाच्या पानांचे फोटो काढून पीडीएफ केली, की स्क्रीन रीडरच्या (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) लेखी ते नुसतं चित्र. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर फुकट मिळतो हो, पण त्याला वाचायला मजकूर हवा ना! टाइप केलेली मूळ फाइल द्या, तीही तासाच्या आधी. (बहुतेक जण ती तास झाल्यावरच टाकतात.)

आणि 'तुला काय लागतं?' हे भर वर्गात विचारू नका. डिस्लेक्सिया (वाचायला-लिहायला अडचण येणं) चेहऱ्यावर दिसत नाही, चारचौघांत कोण सांगेल? सत्राच्या सुरुवातीलाच 'काही लागलं तर तासानंतर भेटा किंवा मेल करा' एवढं सगळ्यांना सांगून ठेवा.