मदत हवी आहे: काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर चार महिन्यांतच रेघा

नमस्कार मंडळी,

आखाजीला अमळनेरच्या नव्या घरात राहायला आलो. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा केलाय, दगड १८ मिमी. घेताना दुकानातल्या माणसाने खिशातली किल्ली काढून पॉलिशवर कचकचून ओढली. "दादा, नातवंडं येतील पण ओरखडा येणार नाही." खरंच काही उमटलं नव्हतं. मी तिथल्या तिथे ॲडव्हान्स दिला.

आता चारच महिन्यांत शेगडीच्या उजव्या बाजूला दहा-बारा राखाडी रेघा दिसतायत. समोरून बघितलं तर काही नाही, पण सकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं की स्पष्ट. सिंकभोवती वीतभर भाग भुरकट झालाय. आमचं पाणी बोअरचं, कुकरच्या तळालासुद्धा पांढरा थर धरतो. तो भुरकटपणा घालवायला बायकोने एकदा बाथरूमचं ॲसिड लावलं, हे मला परवा कळलं. तिसरं म्हणजे आई ओट्याच्या कडेला लोखंडी खलबत्ता ठेवून लसूण-खोबरं कुटत होती, तेव्हा पुढच्या गोल धारेचा हरभऱ्याएवढा टवका उडाला.

आईचं एकच पालुपद: "कडप्पाच बरा व्हता. पैसा बी गया नि चमक बी गयी." जुन्या घरात तिने पंचवीस वर्षं कडप्प्यावर स्वयंपाक केला.

मला विचारायचंय की दगड नकली निघालाय का? हे सगळं पॉलिश करून जाईल का? भावाचा धुळ्यातला ओटा पुढच्या महिन्यात बसवायचाय आणि तो त्याच दुकानातून घ्यायला निघालाय, म्हणून जरा घाई आहे.

तापीकाठ:
आधी रेघेवर नख आडवं फिरवा. नख अडकलं तर ओरखडा. सरकन गेलं तर बहुतेक दगडाला काहीच झालेलं नाही, ते तुमच्या पातेल्याचं स्टील आहे. कागदावर पेन्सिल उमटते तसं मऊ वस्तू कठीण वस्तूवर घासली की मऊ वस्तूच झिजून मागे राहते. कठीणपणा मोजायची मोह्सची १ ते १० अशी श्रेणी आहे. त्यात ग्रॅनाइटमधली खनिजं म्हणजे क्वार्ट्झ ७, फेल्डस्पार ६, सुरीचं पातं साधारण साडेपाच. त्यामुळे ओट्यावर थेट भाजी चिरलीत तर बोथट होईल ती सुरी. ओल्या फडक्यावर खाण्याचा सोडा घेऊन हलक्या हाताने घासा आणि काय होतं ते कळवा.

दगडाचं_वेड:
थोडी भर घालतो. बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून मिळतो तो भूविज्ञानाच्या हिशेबात बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच. गॅब्रो नाहीतर डोलेराइट या काळसर अग्निजन्य दगडांपैकी असतो. त्यात क्वार्ट्झ जवळपास नसतं, म्हणून तो गुलाबी-करड्या ग्रॅनाइटपेक्षा कठीणपणात किंचित कमी भरतो, पण पाणी आणि तेलही कमी पितो. सोनेरी ठिपक्यांचा 'गॅलॅक्सी' येतो तोही याच जातीचा, आंध्रात ओंगोलजवळच्या चिमकुर्तीचा. याला नकली म्हणता येणार नाही, चांगला दगड आहे. आपल्या खानदेशात जमिनीखाली सगळा बेसाल्ट, ग्रॅनाइट बाहेरूनच येणार.

आईंना सांगा, कडप्पा म्हणजे चुनखडक, कठीणपणा जेमतेम ३. त्याच्यावर ओरखडे पडत नव्हते असं नाही, तो मुळात चकाकतच नव्हता म्हणून दिसत नव्हते. काळी गाडी घेतलेल्याला विचारा, धुळीचं बोट लागलं तरी दिसतं.

खापरावरचे_मांडे:
दादा, लोणच्याची चिनी मातीची बरणी ओट्यावर सरकवता का? तिच्या बुडाच्या कडेला झिलई नसते, ती कडा दगडालाही ओरबाडते. आमच्याकडे कैरीच्या दिवसांत असाच अर्धगोल पडला आणि मी दोन महिने मोलकरणीवर संशय घेतला, बिचारी. पाटाही तसाच. खाली रेतीचा कण अडकला असेल तर संपलंच, रेती म्हणजे क्वार्ट्झच की. आता पाटा, बरणी, मिक्सर सगळं उचलून ठेवते, खाली जुनी सतरंजी घालते.

सिंकजवळ ॲसिड पुन्हा नको. पाणी शिंपडून दाढीचं पातं अगदी आडवं धरा आणि क्षाराचा थर खरवडा. खवल्यासारखा निघतो. नंतर भांड्याच्या साबणाने पुसून कोरडं करा. रोज रात्री कोरडं केलं तर थर धरतच नाही, पण ते रोज होत नाही हे मलाही माहीत आहे.

जुना_मिस्तरी:
वर सगळे ओरखड्यांवरच बोलतायत. तीस वर्षांत ओरखड्याने बाद झालेला ओटा मी पाहिला नाही, तडकलेले मात्र बरेच. ग्रॅनाइट दाब कितीही सोसतो, वाकणं त्याला सोसत नाही. सिंकसाठी भोक पाडलं की पुढेमागे चार-चार बोटांच्या पट्ट्या उरतात, तडा जातो तो तिथे. भावाला सांगा, सिंकच्या दोन्ही बाजूंना खाली कडप्प्याचा उभा आधार हवा, दगडाखालचा सिमेंटचा माल पोकळ न राहता पूर्ण भरलेला हवा आणि भोकाचे कोपरे गोल कापायला लावा. कोपरा काटकोनात कापला की तडा तिथूनच सुरू होतो. गरम कढईने दगड सहसा बिघडत नाही. पण तापलेल्या जागी गार पाणी ओतू नका.

टवका एपॉक्सीत (घट्ट होणारा डिंक) त्याच दगडाची भुकटी कालवून भरता येतो, जवळून बघितलं तरच कळेल. कुटायचं असेल तर खलबत्ता जमिनीवर घ्या.

आणखी एक. फिकट दगडाला रंग-तेल पाजून काळा करून विकतात. नेलपॉलिश काढायच्या द्रवात कापूस बुडवून खालच्या न दिसणाऱ्या बाजूवर घासा. कापूस काळाकुट्ट झाला तर समजून जा. अशा दगडावर ॲसिड गेलं की आधी रंग जातो.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. काल रविवारी हेच करत बसलो होतो. नख कुठेच अडकलं नाही. सोड्याने घासल्यावर फडक्यावर राखाडी डाग आला आणि दोन सोडून सगळ्या रेघा गेल्या. उरलेल्या दोन वाकड्या आहेत, बरणीच्या बुडाशी तंतोतंत जुळतात. मांडेताई, तुम्ही घरात येऊन बघून गेलात की काय!

सिंकजवळचा थर पात्याने निघाला, पण ॲसिड लागलेला तळहाताएवढा भाग अजून निस्तेज आहे. मग सिंकखाली डोकं घालून कापसाची परीक्षा केली. कापूस काजळासारखा काळा. म्हणजे त्या किल्लीच्या खेळात ओरखडा आला नाही हे खरंच होतं, फक्त मी विचारायला हवं होतं ते वेगळंच.

भावाला फोन केला. तो आता दुकानातून वीतभर तुकडा घरी आणून कापूस लावणार, लिंबू पिळून रात्रभर ठेवणार आणि मगच पैसे देणार आहे. आईला कडप्प्याचं चुनखडकाचं सांगितलं. ती म्हणाली, "मंग? चुन्यानी भित उभी ऱ्हास."

धार भरून देणारा आणि तेवढाच भाग जागेवर पॉलिश करणारा कारागीर अमळनेर-धरणगाव भागात कोणाच्या ओळखीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. गणपतीच्या आधी झालं तर बरं.