मदत हवी आहे: कलर बारमधला करडा चौकोन लालसर का होतोय?

मंडळी, दिवाळी अंकाचे फॉर्म (एका शीटवर छापायच्या पानांचे संच) छपाईच्या मशीनवर आहेत आणि गाडी अडली आहे. चाररंगी शीटफेड (सुट्या शीटवर छापणारं ऑफसेट मशीन), आर्ट पेपर. कलर बारमध्ये (शीटच्या कडेची रंग तपासायची पट्टी) सायन (निळसर) ५०, मॅजेंटा (गुलाबी-लाल) ४०, यलो ४० टक्क्यांचा करडा चौकोन आहे, शेजारी ५० टक्के काळ्याचा. दोन्ही जवळपास सारखे दिसायला हवेत. सुरुवातीला दिसतातही, पण हजारेक शीटनंतर पहिल्यावर लाली चढते. सॉलिडची (१०० टक्के शाईच्या चौकोनाची) डेन्सिटी, म्हणजे गडदपणा, मात्र जागची हलत नाही!

ऑपरेटरच्या सांगण्यावरून मॅजेंटाच्या की (शाई कमी-जास्त सोडणारे स्क्रू) थोड्या बंद केल्या, तर चेहरे पिवळट पडले. त्यात जुने कृष्णधवल फोटो चार रंगांत लावलेत, म्हणजे लपवायला जागाच नाही.

लाली पूर्ण रुंदीभर आहे, त्यामुळे एखाद्या कीचा दोष वाटत नाही. प्लेटचा कर्व्ह (प्लेटवर ठिपके किती मोठे घ्यायचे याचं गणित) चुकला असता तर पहिल्या शीटपासून दिसलं असतं ना? लूपखाली (भिंगाखाली) मॅजेंटाचे ठिपके किंचित लांबट वाटतात, म्हणून डॉट गेनचा (छापताना ठिपके फुगण्याचा) संशय आहे. (तपासणी ट्यूबलाइटखाली होते, ५००० केल्विनचा दिवा मालक घेत नाहीत.)

आधी काय बघू: ब्लँकेटचा (प्लेटवरची शाई कागदावर उतरवणाऱ्या रबरी चादरीचा) ताण, तिच्या खालचं पॅकिंग (अस्तर) की पाणी-शाईचा तोल? उद्या सकाळी पुढचा फॉर्म चढवायचा आहे.