सान लोकांचं ज्ञान, कंपन्यांचा नफा: वाटा द्यायचा की नाही?

माळरान

रूईबॉस चहा आता आपल्याकडेही मिळतो. दक्षिण आफ्रिकेतल्या सीडरबर्ग डोंगरांच्या मुलखातलं हे झुडूप. तिथले मूळ रहिवासी, म्हणजे खोई आणि सान लोक, ते पूर्वापार वापरत आले. व्यापार उभा राहिला तो मात्र गोऱ्यांच्या हातात. अखेर २०१९ मध्ये करार झाला. शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावाच्या १.५ टक्के रक्कम प्रक्रिया करणाऱ्यांनी भरायची आणि ती खोई व सान यांच्या परिषदांना द्यायची.

त्याआधीचं हूडियाचं प्रकरण जास्त संतापजनक आहे. कलहारीत शिकारीवर निघालेले सान भूक-तहान मारायला ही निवडुंगासारखी दिसणारी वनस्पती चघळतात. त्या वापराच्या नोंदींवरूनच दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी संशोधन परिषदेनं तिचा अभ्यास केला आणि भूक मारणाऱ्या घटकाचं पेटंट घेतलं. १९९७ मध्ये परवाना ब्रिटनच्या फायटोफार्मला आणि पुढच्या वर्षी तिच्याकडून फायझरला गेला. सानांना कुणी विचारलंही नाही. २००१ मध्ये बोभाटा झाला तेव्हा कंपनीकडून उत्तर आलं की हे लोक आता उरलेच नाहीत अशी आमची समजूत होती. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोत्सवाना मिळून लाखभर सान तेव्हा हयात होते! मग २००३ मध्ये परिषदेनं आपल्या स्वामित्वधनातले (पेटंटच्या रॉयल्टीतले) ६ टक्के त्यांना द्यायचं कबूल केलं.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्यांच्या ज्ञानावर धंदा उभा राहतो त्यांना आधी विचारायचं आणि वाटा द्यायचा. तो त्यांचा हक्क आहे, देणगी नव्हे.

पेटंट_परीक्षक

असहमत. हळदीचं प्रकरण आठवा. १९९५ मध्ये जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं, म्हणजे आपल्या सरकारी संशोधन परिषदेनं, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. आपला मुद्दा काय होता? हे ज्ञान जुनं आहे, सर्वांचं आहे, त्यावर कुणाचीच मालकी नाही. आता आफ्रिकेच्या बाबतीत आपणच म्हणायचं की ज्ञानाला मालक असतो? दोन्ही एकदम कसं चालेल? शिवाय हूडिया फक्त सानच वापरत नव्हते, नामा लोकही वापरत. वाटा कुणाला किती, हे कोण ठरवणार?

माळरान

हळदीच्या पेटंटमध्ये नवं काही नव्हतंच, म्हणून ते पडलं. हूडियाचं पेटंट वनस्पतीतून वेगळ्या काढलेल्या घटकावर होतं. ते काम प्रयोगशाळेत झालं आणि कायद्यानं तेवढंच मोजलं. हजारो झुडपांतून नेमकं हेच भूक मारतं, हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवातून ओळखलं त्यांची मेहनत कायद्याच्या हिशेबात शून्य. म्हणून पेटंटच्या बाहेर, करारानं वाटा मागावा लागला. यात मला विसंगती दिसत नाही. कुणाला किती हे अवघड आहे, मान्य. पण वाटणी अवघड म्हणून सगळंच कंपनीनं ठेवायचं का?

काढा

मी आयुर्वेदाची पदवी घेऊन प्रॅक्टिस करते, आणि मला तुम्हा दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट दिसत नाही. हूडियाचं औषध बाजारात टिकलं का? फायझरनं २००३ मध्येच अंग काढून घेतलं. नंतर युनिलिव्हर आली, तिनंही २००८ मध्ये सुरक्षितता आणि परिणाम यांबद्दल शंका आल्यावर काम थांबवलं. शिकारी दोन-चार दिवस ताजा तुकडा चघळतो. शहरातल्या माणसानं त्याचा अर्क महिनोन्‌महिने गोळ्यांतून घेणं ही वेगळीच गोष्ट झाली. मधल्या काळात इंटरनेटवर हूडियाच्या नावानं वाटेल ते खपलं आणि रानातली झाडं इतकी उपटली गेली की आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आणावे लागले. ‘नैसर्गिक’ आणि ‘आदिवासींचं’ असं छापलं की लोक तपासणी विसरतात. माझ्याकडे असे रुग्ण येतात, म्हणून कळकळीनं लिहिते आहे. मोठ्या रकमेची आशा दाखवली गेली, पण बाजारात टिकेल असं औषधच झालं नाही. सानांच्या हाती फारसं काही पडलं नाही.

मोहफूल

गडचिरोलीतून लिहितोय. टक्क्यांवरच सगळे अडलात. बोत्सवानात सरकारनं मध्य कलहारी अभयारण्यातून सानांना १९९७ आणि २००२ मध्ये हलवलं. २००६ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं ते बेकायदा ठरवलं, तरी सगळ्यांना सुखानं परतता आलं नाही. रात्री शेकोटीभोवती बाया टाळ्या वाजवत गातात, नाचता नाचता उपचार करणाऱ्याच्या अंगात शक्ती संचारते आणि तो आजाऱ्यावर हात ठेवतो. वनस्पतीची ओळख, शिकार, हा नाच हे सगळं त्यांच्याकडे एकातच आहे, आणि ते त्या जमिनीवरच जगतं. जमीन काढून घ्यायची आणि झुडपाचे ६ टक्के द्यायचे?

आमच्याकडे मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. कुणी वाटा दिला म्हणून नव्हे, जंगल हातात आलं म्हणून. माझा वाट्याला विरोध नाही. पण आधी जमीन.

पेटंट_परीक्षक

मोहफूल यांच्याशी पूर्ण सहमत. जमिनीचा हक्क स्पष्ट असतो, त्याला हद्द असते. ज्ञानाला हद्द नसते, म्हणून टक्केवारी परिषदांच्या आणि वकिलांच्या पातळीवरच फिरते. वुपरथालच्या डोंगरात रूईबॉस पिकवणाऱ्या गरीब कुटुंबापर्यंत त्यातलं काय पोचावं, हा माझा खरा प्रश्न आहे. आधी विचारलं पाहिजे, हे मात्र मला मान्य. २०१७ मध्ये सानांनी संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता काढली, ती मला या करारांपेक्षा मोलाची वाटते.

माळरान

पण ती आचारसंहिता फक्त आदरानं वागा म्हणून थांबत नाही. संशोधनाचा फायदा आम्हालाही मिळाला पाहिजे, हेही तिच्यात आहे.

आणि आपल्याकडे बघा. २०२३ मध्ये जैवविविधता कायदा बदलला, आणि ग्रंथांत नोंदलेलं पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभवाटपातून सूट मिळाली. ज्यांचं ज्ञान पोथीत गेलं त्यातून कमावणारा सुटला. आता कुणी गोंड किंवा कोरकू वैदूकडून ऐकलेलं एखाद्या ग्रंथात आधीच सापडतं असं दाखवलं, तर त्या वैदूला विचारायची गरज उरेल का? मोहफूल, तुमच्या भागातल्या वैदूंचं यावर काय म्हणणं आहे, ते लिहाल का?