अरगॉन जड असूनही पोटॅशियमच्या आधी का येतो?

प्रश्न
दहावीतील मुलीला आवर्तसारणी समजावून सांगताना एका ठिकाणी अडखळलो. अरगॉनचे अणुवस्तुमान ३९.९५ आणि पोटॅशियमचे ३९.१० आहे, तरीही अरगॉन १८ व्या आणि पोटॅशियम १९ व्या स्थानी आहे. मांडणी प्रोटॉनांच्या संख्येनुसार होते, हे ठाऊक आहे. परंतु न्यूट्रॉनांना या क्रमात काहीच स्थान का नसावे, आणि एक प्रोटॉन कमी असलेले मूलद्रव्य जड कसे भरते?

प्रतिसाद १
पहिल्या भागाचे उत्तर प्रभारात आहे. उदासीन अणूत जितके प्रोटॉन तितकेच इलेक्ट्रॉन असतात आणि रासायनिक वागणूक इलेक्ट्रॉनांवरच ठरते. अरगॉनचे १८ इलेक्ट्रॉन २, ८, ८ असे बसतात, म्हणून तो राजवायू. पोटॅशियममध्ये एकोणिसावा इलेक्ट्रॉन एकटाच बाहेरच्या कक्षेत पडतो, म्हणून पाण्यात टाकताच तो पेट घेतो. न्यूट्रॉनाला प्रभार नसल्याने पोटॅशियमच्या केंद्रकात २० न्यूट्रॉन असोत की २२, या वागणुकीत फरक पडत नाही. ते केवळ त्याचे वेगवेगळे समस्थानिक होत. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोसली यांनी १९१३ मध्ये मूलद्रव्यांच्या क्ष-किरणांच्या वारंवारता मोजून अणुक्रमांकाला, म्हणजे प्रोटॉनांच्या संख्येला, प्रयोगाचा आधार दिला, तेव्हा न्यूट्रॉनाचा शोधही लागलेला नव्हता; तो १९३२ मध्ये लागला.

प्रतिसाद २
दुसरा भाग मला अधिक रंजक वाटतो, कारण अरगॉनचा हा जडपणा मुळात पोटॅशियमकडूनच आलेला आहे. पोटॅशियम-४० (१९ प्रोटॉन, २१ न्यूट्रॉन) किरणोत्सारी असून त्याचे अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावण्यास लागणारा काळ) सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. त्यातील साधारण दहापैकी नऊ केंद्रकांत एका न्यूट्रॉनाचा प्रोटॉन होऊन कॅल्शियम-४० तयार होते. उरलेल्यांत केंद्रक स्वतःच्याच अणूतील एक इलेक्ट्रॉन ओढून घेते, प्रोटॉनाचा न्यूट्रॉन होतो आणि १८ प्रोटॉन व २२ न्यूट्रॉन असलेला अरगॉन-४० जन्माला येतो. तिन्हींचा वस्तुमानांक (प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची बेरीज) ४०, पण मूलद्रव्ये तीन. आपल्या हवेतील अरगॉनपैकी ९९.६ टक्के हा अरगॉन-४० आहे, आणि जवळजवळ सगळा असाच खडकांतून आलेला आहे. सूर्यात मात्र अरगॉन-३६ चे प्राबल्य आहे. अणुवस्तुमान म्हणजे समस्थानिकांच्या वस्तुमानांची त्यांच्या प्रमाणानुसार सरासरी; ती तेथील अरगॉनवरून घेतली असती, तर आपला प्रश्न उद्भवलाच नसता!

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. म्हणजे पोटॅशियम-४० क्षय पावल्यामुळेच पोटॅशियमची सरासरी खाली आली, असे म्हणावे का?

प्रतिसाद ३
तसे म्हणता येणार नाही. पोटॅशियममध्ये ९३.३ टक्के वाटा स्थिर पोटॅशियम-३९ चा आहे आणि सरासरी त्यामुळे ३९ च्या जवळ राहते. पोटॅशियम-४० आज एक लाख अणूंत जेमतेम बारा आहे, आणि पृथ्वी घडली तेव्हाही ते पाव टक्क्याहून कमीच होते.

मुलीला सह्याद्रीचे उदाहरण जरूर द्यावे. लाव्हा वितळलेला असताना त्यातील अरगॉन निसटून जातो आणि खडक थिजल्यावर नवा साचू लागतो; दख्खनच्या बेसाल्टचे सुमारे ६.६ कोटी वर्षांचे वय याच तत्त्वावर काढलेले आहे. यासाठी नमुना अणुभट्टीत ठेवून त्यावर न्यूट्रॉनांचा मारा करतात, तेव्हा पोटॅशियम-३९ चे काही अणू एक न्यूट्रॉन घेऊन एक प्रोटॉन बाहेर टाकतात. वस्तुमानांक ३९ च राहतो, पण हाती येतो तो अरगॉन. आणि त्याच्या प्रमाणावरून खडकात पोटॅशियम किती होते ते कळते.