ऋग्वेदातल्या आडव्या-उभ्या रेघा कशा वाचायच्या?

जिज्ञासू: अक्षराखालची आडवी रेघ म्हणजे अनुदात्त (नीच सूर) आणि वरची उभी म्हणजे उदात्त (उच्च सूर) असं धरून वाचतोय, पण पहिल्याच ऋचेत अडलो. 'अ॒ग्निमी॑ळे' मधल्या 'ग्नि'ला खूणच नाही. शिवाय मध्येच १ आणि ३ हे आकडे कशाला?

पदपाठी: गफलत उभ्या रेघेत आहे. ती स्वरिताची, म्हणजे उच्च-नीच मिळून होणाऱ्या सुराची. उदात्त कोराच असतो. म्हणजे अ अनुदात्त, ग्नि उदात्त, मी स्वरित. 'ळे' कोरा असला तरी उदात्त नाही, तो प्रचय, म्हणजे स्वरितामागोमाग येणारा सपाट सूर.

कोरं अक्षर दिसलं की मागे बघा. मागे आडवी रेघ असेल तर उदात्त. उभी असेल तर पुढची आडवी रेघ येईपर्यंत सगळे प्रचय. ओळीच्या सुरुवातीलाच कोरं असेल तर उदात्त, जसा 'होता॑रं' मधला 'हो'.

उदात्तानंतर स्वरित येतो खरा, पण त्याच्याही पुढे उदात्त असेल तर येत नाही. 'दे॒वमृ॒त्विज॑म्' पाहा: 'व' उदात्त, तरी 'मृ'खाली आडवीच, कारण 'त्वि' उदात्त आहे. नवखे हमखास इथेच फसतात.

जिज्ञासू: पण ऐकताना तर उभ्या रेघेचं अक्षरच सगळ्यात उंच लागतं!

पदपाठी: बरोबर ऐकताय. पाणिनी 'उच्चैरुदात्तः' म्हणजे उंच उच्चारलेला तो उदात्त असं म्हणतो (१.२.२९), पण आजच्या ऋग्वेदपठणात सहसा स्वरित वर जातो, उदात्त मधल्या सुरात राहतो आणि प्रचयही तिथेच. सूत्र आणि कान यांची सांगड घालत बसू नका, गुरूच्या सुरामागे जा.

आकडा ही कंपाची, म्हणजे सुराला दिलेल्या हेलकाव्याची खूण. 'अ॒प्स्व१॒॑न्तः' मध्ये 'अप्सु' आणि 'अन्तः' यांच्या संधीतून 'स्व' स्वरित झाला आणि लगेच पुढे उदात्त आला. अशा वेळी अक्षर ह्रस्व असेल तर १, दीर्घ असेल तर ३ घालून दोन्ही रेघा त्या आकड्याला देतात. आकडा उच्चारायचा नाही.

खिळेजुळारी: हे सगळ्याच वैदिक ग्रंथांत चालत नाही हं. शतपथ ब्राह्मणात खालची रेघ उदात्ताची. सामवेदात अक्षरावर आकडे: १ उदात्त, २ स्वरित, ३ अनुदात्त.

टंकताना आधी मात्रा, मग अनुस्वार, शेवटी स्वरचिन्ह. क्रम चुकला की ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. युनिकोडमध्ये उभ्या रेघेचं (संकेतांक ०९५१) नाव 'उदात्त' ठेवलंय, त्यावर जाऊ नका. आडवी ०९५२.